लांजी, वारासिवनी, भोपाळ

गजभिये सर सोमवारी भोपाळला गेले. मंगळवारी मुलींच्या बास्केटबॉल संघाचा चार्ज माझ्याकडे आला. मी बालाघाटच्या या कॉलेजात ग्रंथपाल आहे.

"मला खेळातलं काही कळत नाही," मी प्राचार्यांना सांगितलं.

"पुस्तकं आहेत ना तुमच्याकडे? आणि मुलींसोबत बाई लागतेच," ते म्हणाले. जबलपूरच्या स्पर्धेत पहिल्या चारांत आलो नाही तर संघ बंद आणि कोर्टवर पार्किंग, हेही त्यांनी ऐकवलं.

हा संघ सरांनी शून्यातून उभा केला होता. मोठ्या विद्यापीठाने बोलावलं, ते गेले. त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं, म्हणून चिडचिड जास्त होत होती. ग्रंथालयात बास्केटबॉलचं एकच पुस्तक. ते सरांच्या नावावर होतं आणि परत आलं नव्हतं.

या खेळात चाली आधीच ठरलेल्या असतात. एकीने नाव ओरडायचं, पाचही जणींनी तसं पळायचं. सरांनी मुलींच्या गावांचीच नावं दिली होती. लांजी म्हणजे उजवीकडून आत शिरायचं, वारासिवनी म्हणजे डावीकडून.

जबलपूरला उपांत्यपूर्व सामना पडला तो नेमका सरांच्या नव्या संघाशी. सरांना सगळ्या चाली ठाऊक, तेव्हा चालींची नावं बदलू या, असं मी सुचवलं.

"राहू द्या मॅडम," कॅप्टन पायल म्हणाली. "धावता धावता जुनंच तोंडात येते. आमी सामन्यात नावच घेत नाही."

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू पायलकडे होता. तिच्या खांद्याच्या वळण्यावरून सरांना चाल कळली. आपल्या मुलींना सावध करायला ते उठले आणि ओरडले, "लांजी! लांजी येऊन राह्यली!"

भोपाळच्या मुली त्यांच्याकडे बघत राहिल्या. लांजी त्यांना कुठून माहीत असणार? आमच्या पाचही जणी मात्र त्या आवाजासरशी उजवीकडून सुटल्या. चेंडू बास्केटमध्ये गेला. आम्ही जिंकलो.

"सर, तुमी कोनाकडून होते?" पायलने विचारलं.

"चूप बस वो," म्हणून सर त्यांच्या बसकडे गेले.

आम्ही चौथे आलो. संघ टिकला. नोकरी बदलताना जुने शब्द मागे ठेवून जावेत, एवढं मी शिकले.

नवा कोच अजून आलेला नाही. चार्ज माझ्याकडेच आहे, त्यामुळे ग्रंथालय चारला बंद होतं. पुस्तक भोपाळला आहे.