बियाच्या खोलीची किल्ली

चितेगावच्या आमच्या घरात तुरीचं बी सांभाळायचं काम एकट्या मोठ्या आईचं. मोठी आई म्हणजे माझ्या मयत चुलत्यांची बायको, चतुराबाई. तिचा रामकिसन वाळूजच्या कारखान्यात लागला, खोली केली, लग्न झालं, आणि दर दिवाळीला आईला न्यायला यायला लागला. जायचा मात्र एकटाच.

कारण भुंगेरा. हा मेला शेंगेवर अंडी घालतो, दाण्यासोबत घरात येतो आणि आतून पोखरून गोल भोक पाडून बाहेर पडतो. मोठी आई सावलीत वाळवलेला लिंबाचा पाला आणि निंबोळीची भुकटी तुरीत कालवायची, कणगी शेणामातीनं लिंपायची. मग अधूनमधून सगळं उपसून ऊन द्यायचं, पाखडायचं, पुन्हा नवा पाला.

"वहिनींच्या हाताला गुण आहे," असं माझे वडील, काकासाहेब, चारचौघांत सांगायचे. मला त्या कौतुकाचा संताप यायचा. कारण लगेच पुढं असायचं, "यंदाची पेरणी होऊ द्या वहिनी, मग खुशाल जा."

रामकिसनला मुलगी झाली त्या साली मोठी आईच वडिलांना म्हणाली, "भावजी, ती दुकानातली कीड मारायची पावडर आणा की. शेजारच्या सांडूच्या घरी आणलीय. एकदा लावली की बघाया नको."

मी बघतच राहिले. तोंडाला फडकं बांधून तिनं स्वतः पावडर लावली. पुढं जाता-येता कणगीत डोकवायची. एक भुंगेरा जिवंत दिसेना. "मेले गं सगळे!" म्हणत ती हसली, तशी हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. तिनं बोचकं बांधून ठेवलं.

पेरणी उरकली की उरलेल्या बियाचं वरण करून गड्यांसकट सगळ्यांनी जेवायचं, ही आमच्याकडची रीत. माझ्या आईनं सवयीनं ती तूर भरडून शिजत घातली. पावडर कुणाच्या ध्यानातच नाही! मोठ्या आईनं चुलीपाशी येऊन पातेल्यात पाहिलं आणि सगळं उकिरड्यात नेऊन पुरलं. कुणी घास घेतला नव्हता, एवढं नशीब.

वडील हादरले. उरलेली पावडर होती त्या बियाच्या खोलीला त्यांनी कुलूप आणलं. "घरात लेकरं हायेत. ह्या जहरावर आता कायम नजर पाहिजे. वहिनी, किल्ली तुमच्याकडंच."

"माझ्याकडं द्या ना, अण्णा," मी वडिलांना म्हटलं.

"तू उद्या सासरी जाशील. वहिनी कुठं जात्यात?"

पेरणी उरकली म्हणून न्यायला आलेला रामकिसन अंगणात आईचं बोचकं गाडीला बांधून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. कुणी न सांगता दोरी सोडली.

मोठ्या आईनं बोचकं हातात घेतलं.

"भुंगेरासुदिक दाणा पोखरून बाहेर पडतो, बाबा," ती त्याला म्हणाली, आणि किल्ली कमरेला खोचून आत गेली.