अस्तराची हिरवळ

आमची धाकटी मावशी शिवणकाम करते. फ्रॉक, पडदे, शाळेचे गणवेश, काय म्हणाल ते. गळ्यात टेप नसेल तर तिला चुकल्याचुकल्यासारखं होतं. तिनं आणि काकांनी घर घेतलं, तेव्हा मागच्या बाजूला एक ओसाड तुकडा मिळाला. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, एक गंजकं घमेलं. "इथं बाग करायची," असं म्हणून मावशी पडद्यांच्या शिलाईतून पैसे बाजूला टाकू लागली.

पुरेसे साठले असं वाटल्यावर तिनं बागा लावून देणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्यानं जागा पाहिली आणि अंदाजपत्रक पाठवलं. हिरवळ, वळणावळणाची दगडी पायवाट, तळं, मोठं झाड. खालचा आकडा वाचून काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा जागचा हलला नव्हता. साठवलेल्या पैशांच्या बरोबर दुप्पट!

"बाग लावतोय की विमानतळ?" काका म्हणाले. "राहू दे. चार कुंड्या ठेवू."

"कुंड्या कशाला? गिऱ्हाइकाच्या अंगात घालून बघितल्याशिवाय मी पक्की शिलाई मारते का? कच्चा टाका घालून बघू की!"

"बागेला?"

"बागेला!"

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले, तर मावशी मागच्या अंगणात रांगत होती. हिरव्या अस्तराचा अख्खा तागा तिनं हिरवळ म्हणून अंथरला होता. खाकी कापडाची पायवाट, निळ्या सॅटिनचं तळं, झाडाच्या जागी काकांची काळी छत्री. कडांवर विटा ठेवल्या होत्या.

"आता इथं राहायचं," तिनं फर्मान काढलं, "आणि मी बघणार."

आम्ही राहू लागलो. काका चहा घेऊन आले ते थेट तळ्यातून. "अगं बाई, बुडाले!" मी ओरडले. मावशीच्या सासूबाई मात्र काठी सावरत तळ्याला वळसा घालून गेल्या. "आई, ते कापड आहे," काका म्हणाले. "असू दे. मला सर्दी लवकर होते," त्या म्हणाल्या. हसता हसता काकांचा चहा हिरवळीवर सांडला.

तासाभरात सगळं उघड झालं. वळणाची पायवाट कुणीच वापरेना. जो तो दारापासून कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत सरळ जाई. मावशीनं खाकी कापड ओढून सरळ केलं, निम्मं उरलं. खुर्च्या सगळ्यांनी भिंतीच्या सावलीत ओढल्या, म्हणून पलीकडची हिरवळ दुमडून तिनं टाचण्या मारल्या. काका तिसऱ्यांदा बुडाल्यावर तळ्याची घडी झाली. प्रत्येक घडीबरोबर मावशी टेप लावी, तोंडानं हिशोब करी आणि आनंदानं टाळी वाजवी.

तेवढ्यात बागवाला उत्तर विचारायला आला. अंगणाकडे पाहून त्यानं दारातच चपला काढल्या आणि अनवाणी हिरवळीवर आला. "वहिनी, फार छान उगवलीय!"

मग तोही खेळात शिरला. छत्री उचलून त्यानं पश्चिमेला रोवली. "झाड इथं हवं, दुपारचं ऊन अडेल. आणि मोठं कशाला? रोप घ्या, किंमत पाव होईल. फक्त मातीत काटकसर नको."

"छे छे. हलकं अस्तर लावलं की कपडा अंगावर बसत नाही, मला ठाऊक आहे."

दोघांनी मिळून नवा आकडा काढला. तो मावशीच्या पैशांत बसला, वर थोडे उरलेही! काकांनी उडीच मारली. त्या उडीनं म्हणा किंवा वाऱ्यानं म्हणा, एक वीट निसटली आणि सगळी हिरवळ फडफडत वर उठली, छत्रीला गुंडाळून भिंतीवर चढली. तिच्यामागं मावशी, मावशीमागं काका, शेवटी बागवाला अनवाणी! भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "अहो, तुमची बाग आमच्याकडे आलीय!"

दोन महिन्यांत खरी बाग उभी राहिली. उरलेल्या पैशांचं काय करायचं यावर काका बोलायला लागले, तर सासूबाईंनी त्यांना थांबवलं.

"मला झोका हवा."

"आई, या वयात?"

"मग केव्हा?"

मावशीनं त्याच संध्याकाळी झोक्यासाठी सासूबाईंच्या बैठकीचं माप घेतलं. आता त्या झोके घेतात आणि काका समोर हात पसरून उभे असतात. "हळू, आई, हळू!" त्या मात्र पायानं आणखी एक रेटा देतात.