दहावा माणूस

गेट्झलकाकांसाठी दहावा माणूस शोधून आणला तो मी. आणि आणला तोही नेमका त्यांच्या पोलंडमधल्या गावचा! इतका हुशार पोरगा पायसांदूच्या शाळेतून पुन्हा निघायचा नाही.

तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमल्याखेरीज आम्हा यहुद्यांत मेलेल्या माणसासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही. उरुग्वेच्या या टोकाला आम्ही मला धरून नऊ. काकांना वर्षातून एकदा, मुलीसाठी, ती म्हणायची असे. चार वर्षं नऊच भरले. यंदा त्यांनी मला आधीच टोपी शिवून दिली.

"मंगळवारी दहावा आण. नाहीतर टोपी डोक्यासकट परत घेईन!"

काका टोप्यांचे कारागीर. तिकडे त्यांचं दुकान होतं, बायको होती, फ्रूमेट नावाची आठ वर्षांची पोर होती. जर्मनांनी सगळ्यांना दोन गल्ल्यांत कोंडलं; बायको पहिल्याच हिवाळ्यात तापानं गेली. माणसं गाड्यांत भरून न्यायला लागले, तेव्हा एका मित्रानं पोरीला शेतकऱ्याच्या तळघरात लपवायचं कबूल केलं. काकांनी त्याला शिवणयंत्र दिलं आणि पोरीचा हात त्याच्या हातात दिला. त्याच दुपारी काकांनाही पकडून नेलं. छावणीतून जिवंत सुटल्यावर ते तडक त्या शेतकऱ्याकडे गेले.

"मुलगी?" तो म्हणाला, "माझ्याकडे तर एकटा बाप्याच आला होता."

पोरीची तारीख कुणालाच ठाऊक नाही. तिचा हात सोडला, तोच दिवस काका पाळतात. मित्राचं नाव मात्र त्यांनी आमच्यासमोर कधी काढलं नाही.

मंगळवारी बसथांब्यावर मला बटणांचा फिरता विक्रेता भेटला, झाइनव्हल. गाव ऐकून मी त्याला ओढतच काकांच्या घरी आणलं; बाकीचे जमलेच होते.

"काका, तुमचा गाववाला!"

काकांनी मान वर केली. झाइनव्हल दारातच थिजला.

"गेट्झल... जागा एकाचीच होती रे. तिला वेशीपाशी थांब म्हणालो होतो. परत येणार होतो मी."

"थांबली असेल. सांगितलेलं ऐकायची ती."

आमचा म्हातारा खाटीक खाकरला. "गेट्झल, मोजताना माणूस बरा की वाईट ते बघत नाहीत. दहा झाले."

"तुमचे झाले असतील. माझे नऊच."

काकांनी पुस्तक मिटलं. झाइनव्हल निघाला, फाटकाशी रेंगाळला. कुणी हाक मारली नाही. पोरीच्या नावाचा दिवा तेवढा जळत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी टोपी परत करायला गेलो. काकांनी ती माझ्याच डोक्यावर दाबून बसवली.

"ठेव. दहावा यायचाय अजून तुझ्याकडून."

टोपी मी रोज घालतो. दहावा अजून दिलेला नाही.