मुकादमाच्या नावावर

माझी मावशी एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालते. सकाळी उभी राहते ती संध्याकाळी घरी येऊन खुर्चीवर टेकेपर्यंत उभीच. दिवसभर परक्यांच्या चादरी उपसून घरी यावं आणि दारातच पायाखाली वाळू करकरावी, असे दिवस तिच्यावर आले ते मुकादमामुळे.

मुकादम म्हणजे मांजराचं पिल्लू. मूठभर जीव, पण मावशी झाडू घेऊन वाकली की समोर शेपूट गुंडाळून बसायचा आणि काम नीट होतंय का ते बघायचा, म्हणून मीच हे नाव ठेवलं. त्याला आणलं काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने. काका निवृत्त बसचालक. नोकरीत त्यांची कॉलर कधी मळलेली कुणी पाहिली नाही, आणि अजूनही ते घरात कडक इस्त्रीचा शर्ट घालूनच बसतात. एका दुपारी खाली उभ्या असलेल्या गाडीखालून त्यांनी हे पिल्लू काढलं आणि वर घेऊन आले. "तू दिवसभर कामावर. मला बोलायला कुणीतरी हवं," म्हणाले. हौस काकांची, निस्तरणं मावशीचं. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," असं पुटपुटत तिने त्याच्या शी-शूसाठी ट्रे आणला, वाळू आणली.

ट्रेमध्ये जायचं असतं हे मुकादमाला पहिल्याच दिवशी कळलं. कशासाठी, ते कळायला फार वेळ लागला. ताजी वाळू ओतली की आधी त्यात लोळायचं. मग विहीर खणायला घेतल्यासारखं उकरायचं, की अर्धी वाळू फरशीवर. मावशी झाऱ्याने घाण काढायला गेली की झाऱ्यावर झडप. बसायचं तेही पुढचे पाय आत आणि शेपटीकडची बाजू बाहेर, आणि मग बाहेर पडलेलं तसंच सोडून भलतीच जागा मन लावून झाकायची. एकदा तर वाळलेला गोळा घेऊन तो स्वयंपाकघरभर फुटबॉल खेळला. मी वरच्याच मजल्यावर राहते, आवाज ऐकून खाली आले आणि पोट धरून हसले. मावशी हसली नाही. तिथेच फरशीवर बसली आणि म्हणाली, "मला आता वाकवत नाही गं."

तरी ती वाकत राहिली. उंच कडांचा टब आणला, एका बाजूने कापून त्याला दार केलं. खाली हॉटेलातून टाकून दिलेला जाड टॉवेल अंथरला. वाळू बदलून पाहिली. हळूहळू मुकादम सुधारला, म्हणजे मांजर जेवढं सुधारतं तेवढा.

पण चादर काही वाचेना. काका कंबरेच्या दुखण्यामुळे बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपतात. अधूनमधून सकाळी त्यांची चादर ओली निघायची, गादीसकट. मावशी उठून बाहेर येईपर्यंत काका आंघोळ करून, शर्ट घालून खिडकीशी बसलेले असायचे. "मुकादमाने पुन्हा उद्योग केला," एवढंच म्हणायचे. मावशीचं नाक इतक्या वर्षांच्या ब्लीचने कधीच मेलंय, तिला कशाचाच वास येत नाही. ती चादर बादलीत कोंबायची, गादी उन्हाला ढकलायची आणि धावत कामावर जायची.

एक दिवस तिने हात टेकले. "मी एकटी कुठेकुठे पुरी पडू? देऊन टाकते त्याला," म्हणाली. लाँड्रीत फाटक्या चादरी शिवणारी एक बाई आहे, ती घ्यायला तयार झाली. फक्त आधी नसबंदीचं ऑपरेशन करून द्या म्हणाली. काकांना सांगितलं तेव्हा ते पिल्लाला मांडीवर घेऊन बसून राहिले.

मी आणि मावशीने मुकादमाला डॉक्टरांकडे पोहोचवलं. एक रात्र तिथेच ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईने परस्पर न्यायचं, असं ठरलं. संध्याकाळी मावशीने टब घासून गॅलरीत उपडा घातला. "किती मोकळं वाटतंय ना?" म्हणाली, पण चेहऱ्यावर काही मोकळं दिसत नव्हतं.

सकाळी मी दूध घेऊन खाली गेले. मावशी दिवाणापाशी चादरीचं टोक हातात धरून उभी होती. चादर ओली होती. काका खिडकीशी, इस्त्रीच्या शर्टात, एक बटण भलत्याच काजात.

"मुकादमाने पुन्हा उद्योग केला," ते बाहेर बघत म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मावशीचा चेहरा बघितला आणि गिळलं. इतकी थकलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. पिल्लू घरात नाही हे काका विसरले होते, की त्यांना दुसरं काही सुचलंच नाही, कोण जाणे. मला त्यांचा राग यायला हवा होता, आला नाही. रडू आलं.

"हो ना," मावशी म्हणाली. "फार माजलाय मेला."

चादर घेऊन ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तिथूनच त्या बाईला फोन लावला. "राग मानू नकोस हं. पिल्लू नाही देता येणार. नाही, सवय नाही सुटली त्याची. पण राहू दे. आम्हाला लागतं ते घरात."

संध्याकाळी मुकादम परत आला. येताना मावशीने मोठं मेणकापड आणलं आणि चादरीखाली घातलं. काकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मला म्हणाली, "मांजर आहे ना घरात, घालावंच लागतं."

काही दिवसांनी पुन्हा चादर ओली निघाली. मावशीने मुकादमाला समोर उभं केलं आणि बोट नाचवत झापायला लागली, "पुन्हा केलंस ना? किती वेळा सांगायचं तुला?" मुकादम बोट पकडायला बघत होता. खिडकीशी काका उठून उभे राहिले.

"ओरडू नकोस गं त्याच्यावर," ते म्हणाले. "मुद्दाम नाही करत तो."

मावशीने मान वर केली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली आणि चादर गोळा करू लागली.