विराजला न्हाऊ घालणारी बाई

लिही अवनी, आजी सांगते तसं. आणि मध्येच डच बोलू नकोस, माझं सूत तुटतं.

ही आपली शेजारीण प्रणिता. अकोल्याची पोर, कम्प्युटरवर काम करते. नवरा लोकेश इथल्या फेल्डहोवनच्या मशीनच्या कंपनीत, मुलगा विराज सहा वर्षांचा. आता तिला पुन्हा दिवस गेलेत. पोरगी हसली की भिंतीपलीकडं आपल्याला ऐकू यायचं. हल्ली येत नाही.

घरमालकानं त्यांचं भाड्याचं घर विकायला काढलं. म्हणाला, उन्हाळा संपायच्या आत रिकामं करा. त्यांनी मागच्या गल्लीत एक छोटं घर पसंत केलं. कर्ज मिळालं की झालं! तर बँक म्हणते, नाही मिळणार. तुमच्या नावावर जुनं दवाखान्याचं बिल आहे, वसुलीवाल्यांकडं गेलेलं.

"दवाखान्याचं? काकू, मी इथं कधी ॲडमिटसुद्धा झाले नाही!"

मग हळूहळू उलगडलं. इथं बाळंतिणीच्या घरी एक बाई येते, क्रामझोर्गची. बाळाला न्हाऊ घालते, आईला बघते. तिला कितीतरी आधी सांगून ठेवावं लागतं. विराजच्या वेळी ही दोघं इथल्याच हार्लेम शहरात होती. लोकेशनं नाव नोंदवलं. पण पहिलं बाळंतपण आपल्यात माहेरीच. सातव्यात प्रणिता गेली अकोल्याला, मागून लोकेशही रजा काढून गेला. त्या बाईला येऊ नको म्हणून कळवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पुढं हार्लेम सुटलं, आणि त्या बाईच्या कंपनीची बिलं पडत राहिली जुन्या दारात.

लोकेश म्हणाला, "भरून टाकू गं. सुटू एकदाचे."

प्रणिता म्हणाली, "भरलं म्हणजे कबूल केलं. आणि भरलं तरी डाग वर्षानुवर्षं राहतो, मी विचारलंय. आधी मूळ बिल मागू. मग हे आमचं नाही म्हणून लिहून कळवू. वसुलीवाल्यांना, आणि ती कर्ज थकवणाऱ्यांची नावं ठेवणारी कंपनी आहे ना, तिलापण."

मी म्हणलं, "नावं ठेवायला कंपनी? आमच्या गावात फुकट ठेवायचे!"

तेवढी हसली. ते शेवटचं.

मूळ बिल आलं, त्याबरोबरची बाईची रोजची नोंद तिनं माझ्यासमोर वाचली. बाळाला आंघोळ घातली. आईला नाश्ता दिला. बाळाचं वजन छान वाढतंय.

अगं पण, त्या दिवसांत हार्लेमच्या घराला कुलूप होतं. विराजला न्हाऊ घालत होती तिची आई, अकोल्यात, पायांवर घेऊन.

"काकू, मग हे कुणाचं बाळ हो?"

लोकेश म्हणाला, "कुणाचं नाही. कुणीतरी बसल्या जागी लिहिलंय." पण ते बोलतानाही तो कागदाला हात लावत नव्हता.

तिनं विराजचा जन्माचा दाखला धाडला, पासपोर्टवरचे शिक्के धाडले. तरी वसुलीवाल्याचा फोन यायचाच. आवाज इतका गोड, जावयाशी बोलावं तसा. "मॅडम, तपासतोय आम्ही. तोवर रक्कम वाढत राहील."

मी तिच्याकडं डाळ निवडत बसले होते, तेव्हा मालकाचं गिऱ्हाईक आलं. टेप घेऊन खिडक्या मोजायला लागलं. विराज कॉटवर बसलेला, तर त्याला उठवून कॉटची जागाही मोजली. टेप मागं सरकताना सर्र आवाज येत होता, तेवढाच.

मग त्या नावं ठेवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं. तुमची तक्रार घेतली आहे, निकाल लागेपर्यंत नोंद तशीच राहील. बँक म्हणाली, नोंद गेली की या. मागच्या गल्लीतला माणूस कशाला थांबतोय? त्यानं घर दुसऱ्याला दिलं. आता त्यांच्या बैठकीत खोकी रचलीत. कुठं जायचं, ठरलं नाही.

काल मी तिच्याबरोबर सुईणीकडं गेले. अकोल्याहून तिची आई रोज फोन करते, ये म्हणून. ही म्हणते, नाही, या वेळी इथंच. सुईण भली बाई. पोट तपासलं, बाळ छान आहे म्हणाली. मग कम्प्युटरकडं वळून इंग्रजीत काहीतरी विचारलं. प्रणितानं पर्स उचलून मांडीवर घेतली. सुईणीनं पुन्हा विचारलं.

मी म्हणलं, "काय गं, काय म्हणते ती?"

"क्रामझोर्गच्या बाईला कुठल्या पत्त्यावर पाठवू, विचारतेय."

सुईण बोटं कीबोर्डवर ठेवून थांबली होती. प्रणितानं माझा हात घट्ट धरला, अवनी.