हा तडा गंजणार नाही

बोईसर स्टेशनाबाहेर चहा पीत होतो. कुणीतरी येऊन सांगितलं, काशिनाथकाका पाम गावच्या रस्त्यावर गेले... जन्मभर सायकली दुरुस्त करणारा माणूस सायकलवरून पडून मेला. मी पोचलो तेव्हा तारापूरच्या बांधकामाला खडी पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा मुकादम तिरडीपाशीच सांगत होता, "मिठानं खाल्लेली जुनी रिम. तडकली, म्हातारा पडला. आमची जीप तर नंतर आली."

काका शिरगावच्या मच्छीमार घरातले. सायकलला मजुरांच्या युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे बांधून मी त्यांच्या दुकानात हवा भरायला जायचो. "तुज्या कागदांनी चाक मोडंल रे, मुकादम नाय मोडायचा," असं म्हणून हसायचे. एकदा एक मासळीवाला तडकलेली रिम घेऊन भांडायला आला. "काशा, स्पोक तूच जास्ती आवळलेस!" काकांनी रिम उन्हात धरली. "आवळून फाटली असती तर भोकापासून फाटली असती. भोकं साबूत हायत." मग तड्यात बोट फिरवून जिभेला लावलं. "खारट! टोपलीचं पानी रोज गळतंय. आतून लाल झालीय बघ. हिला धुतोस कदी? का तुज्यासारकीच बिनआंघोळीची?" मासळीवालाच आधी हसला. काका स्वतःची सायकल मात्र रोज संध्याकाळी विहिरीच्या पाण्याने धुवायचे.

स्मशानातून परतल्यावर मी त्यांच्या सायकलची रिम सोडवून उन्हात धरली. भोकं साबूत. तड्यात बोट फिरवलं, जिभेला लावलं... खारट नव्हतं. कडा आतपर्यंत लख्ख, जुन्या गंजाचा ठिपका नाही. बाजूने पत्रा आत चेपलेला आणि त्या खड्ड्यात हिरवा रंग. काकांची सायकल काळी होती. जीप हिरवी आहे.

रिम मुकादमासमोर नेऊन धरली. त्याने पाहिली, मग हसला. "जपून ठेव. इथल्या हवेत महिन्याभरात लाल होईल. मग कुणाला दाखवशील?"

आज सहावा आठवडा. मला सांत्वन नको, त्या जीपवाल्यांना शिक्षा झालेली पाहायची आहे. रिम काकांच्या दुकानाच्या दारात, त्यांच्याच खिळ्याला, रस्त्याकडे तोंड करून टांगली आहे. हिरवी जीप रोज तिच्यासमोरून जाते. मुकादम हल्ली दुसरीकडे बघतो. रोज सकाळी मी काकांच्या बुधलीतला तेलाचा थेंब तड्यावर सोडतो, फडक्याने कडा पुसतो.

तडा अजून लख्ख आहे.