दोन्हीकडे आलं की खरं

कण्णूरजवळच्या त्या विडी कारखान्यात करुणाकरननं हयातभर विड्या कमी वळल्या आणि पेपरच जास्त वाचले. तिथली रीतच तशी. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी मांडीवर सूप घेऊन ऐकता ऐकता विड्या वळायच्या आणि वाचणाऱ्याचा वाटाही आपसांत भरून द्यायचा. सगळे त्याला मोठ्या भावाच्या मानानं करुणेट्टन म्हणत. त्यानं सगळ्यांना एक कसोटी शिकवली होती: डाव्यांच्या पेपरात आणि त्यांच्या वैऱ्यांच्या पेपरात जे सारखं येईल, तेवढं खरं. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या घरचं कौतुक. राजकारणापायी डोकी फुटणाऱ्या त्या मुलखात ही कसोटी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली.

मग प्रत्येकाच्या सुपाशेजारी मोबाइल आला. पेपर उघडेपर्यंत बातमी शिळी व्हायची. तरी शेवटचा शब्द करुणेट्टनचा, एवढा मान उरला होता, आणि म्हाताऱ्याला तो फार गोड लागायचा.

त्या दिवशी यशोदा डोळे दाखवायला इस्पितळात गेली होती. तिची जागा रिकामी होती, म्हणूनच पवित्रन एवढ्या मोठ्यानं ओरडला.

"करुणेट्टा, हे बघा! आपल्या यशोदेचा पोरगा, प्रजीश!"

प्रजीश इथल्या ‘अश्वती’ बसवर कंडक्टर; मोबाइलवर त्याच वेषातला त्याचा फोटो होता. खाली लिहिलेलं: सवलतीच्या तिकिटावर चढलेल्या शाळकरी पोरीला ‘अश्वती’ बसच्या कंडक्टरनं चालत्या गाडीतून ढकललं, पोरगी मरणाच्या दारात.

"काहीतरीच! मुंगी मारायचा नाही तो," वनजा म्हणाली.

"सवलतवाल्या पोरांशी रोज भांडतो की! करुणेट्टा, तुम्ही सांगा. खरं का खोटं?"

"उद्या पेपरात बघू."

"आणि तोवर काय, माश्या मारायच्या?"

सगळे हसले. म्हाताऱ्याला ते हसणं झोंबलं. त्यानं चष्मा चढवला. पवित्रनचा ग्रुप डाव्यांचा. वनजाचा भाऊ दुसऱ्या बाजूचा, म्हणून तिचाही मोबाइल मागून घेतला. तिथंही तोच फोटो, तोच मजकूर, शिव्या तेवढ्या जास्त. जे एरवी एकमेकांच्या मयतीला जात नाहीत, त्यांचं एकमत झालं होतं.

"मग खरंच असणार," करुणेट्टन म्हणाला.

पेपरवाले निदान आपापला माणूस चौकशीला धाडायचे. इथं एकानं दुसऱ्याचं जसंच्या तसं उचललं होतं. पण हे त्याला कोण सांगणार!

दुपारपर्यंत "करुणेट्टन खरं म्हणालेत" अशी पुस्ती जोडून ते गावभर फिरलं. संध्याकाळी लोकांनी प्रजीशला स्टँडवर खाली खेचून बदडला. मालकानं त्याची कातडी बॅग काढून घेतली आणि घरी बसवला.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात, आतल्या पानावर, चार ओळी आल्या. बस त्याच नावाची, पण दूरच्या जिल्ह्यातली. प्रकार जुना, पोरगी ठणठणीत. आपल्या कंडक्टरचा फोटो कुणीतरी चिकटवलेला. करुणेट्टननं ते उभं राहून वाचलं.

"एकाच पेपरात आहे," दोरा गुंडाळता गुंडाळता पवित्रन म्हणाला. "दुसऱ्यात कुठंय? तुम्हीच शिकवलंत ना?"

"अरे, चुकलो मी! कालच्या त्या दोन बातम्या नव्हत्याच रे, एकच होती ती!"

"असू दे हो. यशोदेसाठी जीव तुटतोय तुमचा, कळतं आम्हाला."

वनजासुद्धा मान खाली घालून पानं कातरत राहिली. म्हाताऱ्याला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

सुटी झाल्यावर तो पेपर घेऊन यशोदेकडे गेला. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"अंगणात उभे राहून वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं. शेजारी ऐकू जाऊ दे."

त्यानं खणखणीत आवाजात वाचलं. समोरच्या ओट्यावर दोघी जणी एका मोबाइलवर वाकल्या होत्या. एकीनं मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"आणखी एकदा," यशोदा म्हणाली.

करुणेट्टननं पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर होता तेवढ्यात आतून प्रजीशचा आवाज आला.

"पुरे कर, अम्मे. त्यांना घरी जाऊ दे."